कर्नलचं रिव्हॉल्वर

आमच्या ह्यांच्या ऑफिसातल्या इंग्रज साहेबांना जुनी रिव्हॉल्वरं जमवायचा नाद होता. सत्तरचं दशक संपत आलं होतं. आम्ही बहारीनला, मनामा शहरात सूकच्या, म्हणजे बाजाराच्या, मागे दोन खोल्यांत राहायचो, साहेब आणि मॅडम शहराबाहेर जनाबियात, बागवाल्या व्हिलात. सगळी रिव्हॉल्वरं रीतसर परवान्याची, आणि काडतूस मात्र घरात एकही नाही. साहेबांना गोळ्या झाडायच्याच नव्हत्या. त्यांना हवा असायचा इतिहास: कुठलं हत्यार कुणाच्या कमरेला होतं, कुठल्या लढाईला गेलं, तिथून कुणाच्या हाती आलं.

त्या वर्षी खंडेनवमीला मी घरात पूजा मांडली. शस्त्रं म्हणजे विळी, कात्री, शिलाई मशीन आणि ह्यांचा कॅल्क्युलेटर. ह्यांनी ऑफिसात सहज सांगितलं, तर साहेब खुर्चीतून उठलेच.

"शस्त्रांची पूजा असते आणि तुम्ही कॅल्क्युलेटरला फुलं वाहता? उद्या माझ्याकडे या!"

एक दिवस उशीर होत होता, पण दसऱ्याला केलेली पूजाही देवीला चालेल, असं मी ठरवून टाकलं.

साहेबांनी जेवणाच्या टेबलावर हिरवं कापड पसरून सात रिव्हॉल्वरं मांडली होती. हातात पांढरे सुती मोजे. मुलाकडची मंडळी घराण्याची माहिती देतात तसं ते एकेकाचं कूळ सांगत गेले. शेवटी आलं लाडकं. गंजाचा ठिपका नाही, कुठे ओरखडा नाही, काल दुकानातून आणल्यासारखं.

"हे एका कर्नलचं. ह्याच रिव्हॉल्वरने त्याने वाघ मारला," साहेब म्हणाले. "विकणाऱ्याने सांगितलं मला. मुठीवर त्याचं नाव कोरलंय, पण पुसट झालंय. मी कितीतरी वर्षं भिंग लावून बघतोय."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी डोळ्यांनीच 'उरकून घे' म्हटलं. मी विचारलं, "हळदकुंकू लावू ना?"

"नेहमी करता तसंच करा," साहेब उदारपणे म्हणाले.

मी कर्नलच्या मुठीवर चांगलं चिमूटभर कुंकू दाबलं. मला काय माहीत, साहेब रोज त्याला तेल लावून पुसतात! तेलात कुंकू चांगलंच चिकटून बसलं. साहेब म्हणाले, "खलास." त्यांनी मऊ कातडं घेतलं आणि तान्ह्या बाळाचं तोंड पुसावं तसं पुसायला लागले. वरवरचं कुंकू निघालं. खाचांतलं निघेना.

मॅडम चष्मा लावून वाकल्या. "अहो, थांबा. अक्षरं दिसताहेत. एस... पी... ओ..." त्यांनी मान वर केली. "कर्नलचं आडनाव स्पोर्ट्स होतं?"

त्याच्या वर एका हायस्कुलाचं नाव होतं, आणि खाली पूना. शाळेचं नाव मी सांगत नाही, पण माझा भाऊ तिथेच शिकला होता. हे मी उत्साहाने सांगितलं आणि ह्यांनी टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला.

साहेबांनी सगळी रिव्हॉल्वरं एकेक करून आत ठेवली. आम्ही निघताना मला म्हणाले, "सुट्टीवर गेलात की चौकशी कराल?"

उन्हाळ्यात पुण्याला गेले तेव्हा भावाने मला त्याच्या म्हाताऱ्या ड्रिल मास्तरांकडे नेलं. रिव्हॉल्वर म्हणताच मास्तर उखडले.

"ते? अहो, त्याने माझा जीव खाल्ला! शाळेला कुणीतरी भेट दिलेलं. शर्यत सुरू करायला मी खोटी काडतुसं घालून चाप ओढायचो. तीनदा ओढावा तेव्हा एकदा वाजायचं. पोरं वाकून वाकून दमायची. एका वर्षी वाजलंच नाही म्हणून मी ते टेबलावर ठेवलं, आणि पाहुण्यांचं भाषण चालू असताना माझा धक्का लागून ते वाजलं! पाहुणे टेबलाखाली. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी ते परवानेवाल्या व्यापाऱ्याच्या गळ्यात घातलं आणि मला शिट्टी आणून दिली."

"आणि वाघ?" मी विचारलं.

"कुठला वाघ?"

बहारीनला परतल्यावर मी भीत भीत हे सगळं सांगितलं. मॅडम हसता हसता सोफ्यावर आडव्या झाल्या. साहेब मात्र गंभीर. मला वाटलं, ह्यांची नोकरी गेली.

"पाहुणे नक्की टेबलाखाली गेले?" त्यांनी विचारलं.

"मास्तरांनी स्वतः बघितलंय."

साहेबांनी बाकीच्या सहा रिव्हॉल्वरांकडे बोट दाखवलं. म्हणाले, "ह्या सगळ्यांच्या गोष्टी मला विकणाऱ्यांनी सांगितल्या. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं सांगणारा माणूस फक्त ह्या एकाला मिळाला."

आणि मग ते हसले. असं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर त्यांच्या पार्ट्यांत ते सगळ्यांत आधी तेच रिव्हॉल्वर काढायचे. पुराव्याशिवाय न बोलणारा हा माणूस, पण दरवर्षी गोष्ट थोडी वाढायची. आधी पाहुणे टेबलाखाली गेले, मग टेबल मोडलं. पुढे पाहुण्यांचे गव्हर्नर झाले. ऐंशी साल उलटल्यावर साहेब विलायतेला परत निघाले, त्या निरोपाच्या पार्टीत तर मास्तरांना एक हात नव्हता आणि गव्हर्नर घोड्यावरून पळाले.

हे माझ्या कानाशी लागले, "अगं, खरं काय ते सांग ना त्यांना."

मी म्हटलं, "गप्प बसा. ऐकू द्या पुढे काय झालं ते."