इंजेक्शनआधीचा प्रश्न

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. घराला कुलूप लावलं की मी ते तीनदा ओढून पाहते, आणि हुडकेश्वरच्या चौकापर्यंत पोचल्यावर गॅस बंद केला होता की नाही या शंकेनं परत फिरते. माझी मुलगी म्हणते, आई, तू घरीच राहत जा, म्हणजे कुलूपच लावायला नको. अशा बाईनं पस्तिसाव्या वर्षी नर्स व्हायचं मनात आणावं हे माझं मलाच पटत नव्हतं. तरी त्या उन्हाळ्यापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

गांधीबागेतल्या एका साड्यांच्या ठोक दुकानात मी कामाला होते. बाहेरगावचे दुकानदार येऊन गादीवर बसायचे आणि मी एकेक गठ्ठा सोडून त्यांच्यापुढे साड्या उलगडायची. शेटजी माणूस भला, पंखा डोक्यावर, दुपारचा चहा ठरलेला. सगळ्यात मोठं सुख म्हणजे तिथे माझ्या हातून कुणाचं वाईट होण्याची सोय नव्हती. चूक झालीच तर जांभळ्या साडीच्या जागी वांगी रंगाची साडी कुठल्या तरी तालुक्याच्या गावाला जायची आणि पुढच्या फेरीला परत यायची. शेटजी दोन शब्द बोलायचे, मी चार अश्रू गाळायची, आणि संध्याकाळी दुकान वाढवताना सगळं विसरलेलं असायचं.

मग सासूबाईंना इन्सुलिन सुरू झालं. नवरा शाळेत मास्तर आहे, वर्गात त्याचा दरारा आहे म्हणतात, पण सुई पाहिली की तो डोळे मिटून भिंतीकडे तोंड करतो. त्यामुळे टोचायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी माझ्या हाताला एवढा घाम आला होता की सिरिंज दोनदा निसटली. सासूबाई म्हणाल्या, टोच वं, मी काही फुटत नाही. हळूहळू हात बसला. मग शेजारचे काका आले, मग मागच्या गल्लीतल्या एक ताई आल्या, आणि सकाळी दुकानात जायच्या आधी दोन-तीन घरं करायची मला सवय झाली. लोक म्हणायचे, हात हलका आहे. ते ऐकून मला आनंद व्हायचा आणि लगेच वाटायचं, आता यांचा भरवसा बसला.

एकदा शेजारच्या काकूंच्या ऑपरेशननंतर मी त्यांच्यासोबत दवाखान्यात गेले होते. पट्टी बदलणाऱ्या नर्सला कुणी मदतीला नव्हतं, तिनं मला ट्रे धरायला सांगितलं. मला वाटलं, आता मी चक्कर येऊन पडणार. पडले नाही. त्या जखमेवरून माझी नजर हटेना. परत येताना ऑटोत बसल्यावर माझ्या लक्षात आलं, इतक्या वर्षांत मी कुठल्याच गोष्टीकडे एवढं मन लावून पाहिलं नव्हतं.

घराजवळच्या एका संस्थेत चौकशी केली. तीन वर्षांचा कोर्स. बारावी झालेली चालते, पण पस्तिशीपर्यंतच घेतात. म्हणजे यंदा, नाही तर कधीच नाही. प्रवेश गौरी-गणपतीतल्या महालक्ष्म्यांनंतरच्या आठवड्यात बंद होणार होते. मी ती गोष्ट घरी सांगितली आणि कुणीतरी आपल्याला ठामपणे नाही म्हणावं अशी वाट पाहत बसले. नवरा म्हणाला, तू ठरव. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एवढं भीतिदायक वाक्य तो आजवर बोलला नव्हता.

नाही म्हणायला सासूबाई होत्या. त्यांनी स्पष्ट सांगितलं, दुकानात पंख्याखाली बसतं ते सोडून लोकायचं हागमूत काढायले जाशीन काय. मला राग यायला हवा होता. मला सुटल्यासारखं वाटलं. घाणीची मला भीती नव्हतीच. मला भीती होती ती हातून काही होण्याची. साडीची घडी घालता घालता मी मनातल्या मनात माणसं मारायची. चुकीची बाटली, चुकीची खाट, एक शून्य जास्त. घडी बिघडायची आणि शेटजी विचारायचे, तबियत ठीक नहीं क्या.

त्या वर्षी महालक्ष्म्या आमच्याकडे होत्या. आमच्यात नैवेद्य झाल्याशिवाय घरातलं कुणी तोंडात घास घालत नाही. लहान मुलांना सूट, आजारी माणसाला सूट. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, सुई घेतली की खायचंच, आणि खायचं नसेल तर सुई नाही. मी आदल्या दिवशीच सासूबाईंना म्हटलं होतं, तुम्ही केळी आणि दूध घ्यायचं, तुम्हाला चालतं. त्यांनी मान हलवली होती.

सकाळी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. पारशिवनीहून मोठी जाऊ आदल्या दिवशीच आली होती, पुरण शिजत होतं, सोळा भाज्या चिरून पडल्या होत्या, आंबिलीचं पातेलं उतू जायच्या बेतात होतं. अशा गर्दीत मी ओले हात पदराला पुसून सिरिंज भरली आणि सासूबाईंना विचारलं, आई, खाल्लं का. त्या देवीच्या वर टांगायच्या फुलोऱ्याच्या करंज्या दोऱ्यात ओवत होत्या. वर न पाहता म्हणाल्या, हो. मी टोचलं आणि पळत चुलीपाशी गेले.

पूजा मोठ्या दिरांनी करायची असते. ते त्या सकाळी शेतावरून ज्वारीची धांडं आणि केळीची पानं घेऊन निघाले आणि वाटेत त्यांची गाडी बंद पडली. फोन येत राहिले, आता निघतो, आता निघालो. स्वयंपाक झाला, पानं मांडायची तयारी झाली, दुपार कलली. आलेल्या बायका गप्पा मारून थकल्या. मी महालक्ष्म्यांपुढच्या समया नीट करायला गेले तेव्हा सासूबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. त्यांच्या वरच्या ओठावर घाम होता. मी हाक मारली तर त्यांनी मला माझ्या नणंदेच्या नावानं ओ दिली आणि विचारलं, बैल बांधले का. आमच्याकडे बैल नाहीत, हुडकेश्वरला आल्यापासून कधीच नव्हते.

त्यांनी सकाळी काही खाल्लंच नव्हतं आणि सुईनं साखर उतरली होती, हे मला कळलं. मी त्यांच्याजवळ खाली बसले. मुलीला ओरडून साखरेचं पाणी आणायला लावलं. चमचा तोंडाशी नेला तर तो दातांवर आपटला. त्यांनी दात गच्च मिटले होते आणि त्या मान हलवत होत्या. मी कोण, हे त्यांना आठवत नव्हतं, बैल कुठले ते आठवत नव्हतं, पण नैवेद्याआधी खायचं नाही एवढं पक्कं आठवत होतं. पाणी त्यांच्या हनुवटीवरून ओघळून नव्या लुगड्यावर गेलं.

पंचामृतासाठी मांडलेली मधाची वाटी समोरच होती, देवीच्या पुढ्यात. मी त्यात बोट बुडवलं. मागून जाऊ म्हणाली, "काय करून राहिली वं? नैवेद्य नाही दाखवला अजून." मी ऐकलं, आणि बोट सासूबाईंच्या गालाच्या आत घालून हिरड्यांवर मध चोळला. पुन्हा बुडवलं, पुन्हा चोळला. त्या मला चावल्या. मी मनात म्हणत होते, मी मारलं यांना, सणाच्या दिवशी, सगळ्यांच्या समोर मारलं.

मग त्यांची नजर ठिकाणावर आली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग महालक्ष्म्यांकडे, मग वाटीकडे. आता साखरेचं पाणी त्यांनी निमूट घेतलं, वर दूध घेतलं, आणि नीट बोलता येऊ लागल्यावर पहिला प्रश्न विचारला तो असा, की मधाची वाटी बदलली का. नवऱ्यानं डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी काय द्यायचं, किती वेळानं तपासायचं ते सांगितलं. दीर आले, पूजा झाली, आणि दिवेलागणीच्या सुमारास आम्ही जेवलो.

जाताना प्रत्येक बाई म्हणाली, बरं झालं तू होतीस. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की सुईही मीच टोचली होती. मी न्हाणीघरात जाऊन ओकले, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून पाण्याचा नळ सोडून ठेवला. बाहेर आल्यावर नवऱ्याला सांगितलं, मी नाही जात कुठे, दुकान बरं आहे. तो म्हणाला, बरं. त्याच्या त्या बरंचा मला फार राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सांज्याची ताटली सासूबाईंपुढे ठेवली आणि समोर पाटावर बसले. डॉक्टरांनी खाल्ल्या खाल्ल्या लगेच सुई दिली तरी चालेल म्हटलं होतं. आता आधी पोटात घास, मग सुई, असं मी ठरवलं होतं. घरात बाकी सगळे अजून निजलेले होते. मी त्यांना विचारलं, काल तुम्ही हो काहून म्हटलं.

त्यांना प्रश्नाचंच नवल वाटलं. "तू विचारलं म्हणून," त्या म्हणाल्या. "विचारणाऱ्याले हो म्हणा लागते. तू कामात होती. नाही म्हटलं असतं तं सगळं टाकून माह्यामागं लागली असती."

मला रडू यायला लागलं, कारण त्यांचं बरोबर होतं. आमच्याकडे जेवलात का म्हटलं की हो म्हणतात. मीसुद्धा म्हणते. शेटजींच्या घरून कुणी दुकानात आलं आणि विचारलं की डबा न उघडताच म्हणते, झालं जेवण. समोरच्याला त्रास नको म्हणून आमची माणसं हो म्हणतात, दुखतंय का विचारलं तर नाही म्हणतात, आणि त्या भरवशावर कुणीतरी सुई भरतं. अशा माणसांनी भरलेला एक अख्खा वॉर्ड माझ्या डोळ्यांपुढे आला, आणि कालपेक्षा जास्त भीती वाटली. कालची भीती माझ्या हाताची होती. ही त्यांच्या चांगुलपणाची होती, आणि तिला औषध नव्हतं.

मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. त्या चावायच्या थांबल्या.

"कायले पाहून राहिली?"

"गिळता की नाही ते पाहते."

त्यांनी लहान मुलासारखं तोंड उघडून दाखवलं. रिकामं होतं. मग पुढचा घास घेतला, पुन्हा उघडून दाखवलं. मला हसू आलं तरी मी नजर हलवली नाही. ताटली संपत आली तशा त्या गंभीर झाल्या. बोटानं कडेचा सांजा गोळा करत, माझ्याकडे न पाहता त्यांनी विचारलं, "तिथं बी अशीच बसशीन का, एकेकापुढं?"

मी म्हटलं, "हो."

"तं जाय मंग."

विचारलं म्हणून मी हो म्हटलं होतं. माझं हो त्यांच्या कालच्या होसारखंच होतं की काय, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आता वॉर्डात पांढऱ्या कपड्यांत उभी राहते तेव्हाही ठाऊक नसतं. म्हणून मी ताटल्या पाहते, डबे उघडून पाहते, आणि पेशंट माझ्यावर वैतागतात.

त्या सकाळी मी सिरिंज भरली. आकडा तीनदा पाहिला. सासूबाईंनी पदर बाजूला करून पोट उघडं केलं. माझा हात कापत होता, इतका की सुईचं टोक दिसत नव्हतं. हात थांबेपर्यंत त्या पदर धरून तशाच बसून राहिल्या.