तुळशीरामकाकांची टाकी

खामगावात आमच्या शेजारी राहणारे तुळशीरामकाका दूध घेण्याआधी गवळ्यालाच त्यातलं घोटभर प्यायला लावत. कुणी नमस्कार केला, तर "काऊन बे, काय काम काढलं?" असं विचारत. स्वभावाला औषध नाही, असं म्हणून काकू कामाला लागायच्या. आम्हा पोरांना मात्र त्यांची गंमत वाटे.

तेव्हा सरकार नागपुरात बसायचं. एकदा म्युनिसिपालटीनं दवंडी पिटवली. ज्याच्या घरी संडासाची टाकी असेल, तिचा उपसा आणि दुरुस्ती त्यानंच करायची. निम्मा खर्च मात्र म्युनिसिपालटी देईल. आळीतल्या सगळ्यांनी ती मदत घेतली. काका कसले ऐकतात!

"सरकारचं सिमेंट आपल्या जमिनीत गेलं, का जमीनबी सरकारची झाली," ते शाळेत मास्तर असलेल्या माझ्या वडिलांना म्हणाले. "तुमाले कळून नाही राह्यलं."

वडिलांनी आमची नवी बांधलेली टाकी त्यांना दाखवली. काकांनी ती वाकून वाकून पाहिली आणि घरी जाऊन, मास्तर म्युनिसिपालटीला फितूर झाले, असं काकूंना सांगितलं. मग पदरच्या पैशानं तरी करा, असं काकू म्हणाल्या. तर गवंडी खाली काय पुरून जाईल, ही नवीच शंका निघाली. तपासनीस येणार असं कळताच काकांनी टाकीच्या झाकणावर पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांच्या, मोळ्या रचल्या आणि आपल्याकडे टाकीच नाही म्हणून सांगितलं. तोही बापडा मान डोलावून गेला.

काकांच्या घरची विहीर तिथून जवळच होती. त्यांची एकुलती एक लेक गोदाताई पिंपळगाव राजाहून पहिल्या बाळंतपणाला आली, ती हेच पाणी प्यायली. मुलगी झाली आणि बारशाच्या आधीच गोदाताई तापानं फणफणली. डॉक्टरांनी विहिरीचं पाणी हुंगलं आणि पऱ्हाटीचा ढीग हलवायला लावला. खालची टाकी फुटून वाहत होती. तोवर काका विहिरीत आम्हीच काहीतरी टाकलं असं धरून बसले होते, हे मला अजून बोचतं.

गोदाताई कशीबशी वाचली. सासरचे तिला गाडीत घालून घेऊन गेले. त्यानंतर काकांनी म्युनिसिपालटीची मदत मागून टाकी पक्की बांधून घेतली, विहीरही उपसून घेतली.

पुढच्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, गोदाताई लेकीला घेऊन माहेरी आली. काकूंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. तिनं तो हळूच बाजूला ठेवला आणि सासरहून बरोबर आणलेल्या कळशीतलं पाणी आधी मुलीला पाजलं, मग स्वतः प्यायली. विहीर आता स्वच्छ आहे गं, असं काकू दोनदा म्हणाल्या. त्या घटकेला मला काकांची फार दया आली.

काकांनी तांब्या उचलून आत नेऊन ठेवला आणि बाहेर येऊन लेकीजवळ बसले.

"बरं केलं माय," ते म्हणाले, "घरचं पानी आनलं."