चाचांचा बुटा आणि माझा ग्राफ पेपर

कारखान्यात संध्याकाळी झाडलं की मागाखालून सुपभर धाग्यांचे तुकडे निघतात. फेकवत नाहीत, आणि ठेवून करायचं काय तेही कळत नाही. माझ्याकडच्या किश्श्यांचं तसंच झालंय! गेली पंचवीसेक वर्षं मी गुलमंडीच्या मागच्या गल्लीत, यासीनचाचांच्या हिमरूच्या कारखान्यात डिझायनर म्हणून जाते. कारखाना म्हणजे काय, तीन माग, एक खाट आणि चाचा. हिमरू ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, सुताच्या कापडावर रेशमाची नक्षी. शालीला एकदा हात लावला की सोडवत नाही.

*

पहिल्या दिवशी मी कॉलेजातून ताजी ताजी पास होऊन, काखेत ग्राफ पेपरची गुंडाळी घेऊन गेले. चाचांनी चष्म्यावरून एकदा कागदाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"फूल अच्छा है. धागा जोडना आता क्या?"

मागावरचा एक तुटलेला धागा त्यांनी माझ्या हातात दिला. माझी गाठ झाली मोहरीएवढी! चाचांनी ती सोडली, दोन बोटांत धागा फिरवला, आणि गाठ कुठंय तेच दिसेना. मला आला राग. चार वर्षं शिकले ते काय गाठी मारायला? तावातावानं घरी आले आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं परत गेले. आठ दिवस नुसत्या गाठी मारल्या. नवव्या दिवशी चाचांनी आतल्या खोलीकडे आवाज दिला, "बेगम, आज से मॅडम की भी चाय!"

तोवर मला पाणी मिळत होतं, चहा नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

*

मुंबईच्या एका दुकानवाल्या बाईंना शाली हव्या होत्या. "शेड कार्ड पाठवा," म्हणाल्या. मी चाचांपुढे नंबरांचं कार्ड ठेवलं, तर ते वैतागले.

"एकसौ बारा नंबर कायकू? सीधा तुवर की दाल बोलो ना!"

चाचांचे सगळे पिवळे आणि केशरी रंग डाळीतच. मग मला सुचली भलती अक्कल! पाच डाळींच्या पाच पुड्या बांधल्या, नंबर टाकले आणि दिल्या कुरिअरनं धाडून. चौथ्या दिवशी बाईंचा फोन.

"पुड्या पोचल्या. तीन नंबर पसंत आहे. फक्त एक सांगा, शिट्ट्या किती द्यायच्या?"

इकडे तीन नंबरची मसूर मी वाटीत काढून ठेवली, रंगाऱ्याला दाखवायला. दुपारी बघते तर वाटी रिकामी. चाची म्हणाली, "खिचडी में कम पड रही थी." मी कपाळाला हात लावला. चाचा मात्र शांतपणे जेवत होते. शेवटचा घास खाऊन म्हणाले, "रंग अच्छा था."

*

एकदा कुठल्याशा योजनेसाठी एक साहेब फॉर्म घेऊन आले. रकाने भरायला लागले. "मशीन किती हॉर्सपॉवरचं?"

चाचा म्हणाले, "सुबू एक चाय, दोपहर कू दो रोट्या, शाम कू एक चाय."

"आणि लाईट गेली तर?"

"लाईट गई तो चलता, साहब. चाय गई तो बंद."

साहेबांनी खरंच लिहून घेतलं!

*

मुक्ता आली ती कांड्यांवर धागा भरायला. पैठणच्या बाजूची, धनगराघरची. नवरा वाळूजला कंपनीत, बिऱ्हाड बजाजनगरात. बोलणं कमी, पण बोलली की तुकडा पाडायची.

एकदा मागावर नवा ताणा, म्हणजे उभे धागे, चढवला आणि कुठंतरी धागा कमी पडला. मी चष्मा लावून अर्धा तास मोजत बसले, दोनदा चुकले. मुक्ता कांड्यांची टोपली घेऊन जाता जाता थांबली.

"उजव्या अंगाला एक कमी हाय."

होता! मी विचारलं, "बघून कसं गं कळलं तुला?"

"मेंढरं काय मोजत बसतो व्हय बाई? बघितलं की कळतं, कोण आलं नाय ते."

चाचांनी त्या दिवसापासून तिला मागावर बसवली. मला आठ दिवस गाठी आणि हिला एका वाक्यात माग! जळले मी, खोटं कशाला बोलू?

*

आता चाचांच्या बुट्याचं सांगते. बाकीची नक्षी मागाच्या दोऱ्यांत बांधलेली असते. पण हा एक जुना बुटा चाचा हातानं धागे उचलून विणायचे, आणि विणताना मोठ्यानं मोजायचे. "पाँच ले, दो छोड…" असं. तो त्यांच्या वडलांनी त्यांना दिलेला, आणि दुसऱ्या कुणालाच येत नव्हता. मुलगा सलीम मागाला हात लावायला तयार नाही. चाचा गेले की बुटा गेला, म्हणून मी त्यांच्या सारखी मागे लागायचे.

"चाचा, ग्राफवर उतरवू द्या ना!"

"नक्को. कागज पे गया तो मशीन पे गया."

त्यांचंही बरोबर होतं. एकदा एक पाहुणा आठवडाभर चहा पीत वहीत काहीबाही लिहीत बसला, आणि चाचांचा दुसरा बुटा सहा महिन्यांत मशीनवर निघाला. चाचा त्यानंतर कितीतरी दिवस मागावर बसले नव्हते. ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

तरी मी चोरटेपणा केलाच! वर्षभर त्यांचं मोजणं ऐकून घरी जाऊन गुपचूप ग्राफवर उतरवलं. पूर्ण झाल्यावर बघते तर काय, बुट्याच्या जागी दुधी भोपळा! त्यालाही दोन शेपट्या. शेवटी लाज सोडून तो कागद चाचांपुढे ठेवला. चाचा डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले.

"मॅडम, तुम आते तो मुँह अलग बोलता, हाथ अलग चलते!"

वर्षभर हा माणूस माझ्यासमोर खोटं मोजत होता, आणि एक धागा चुकला नव्हता!

*

परवा चाचांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. दोन वर्षं टाळत होते, कारण नातीच्या निकाहची शाल मागावर होती, त्याच बुट्याची. शेवटी धागेच दिसेनात, तेव्हा सलीमनं स्कूटरवर बसवून नेलं. शाल अर्धी राहिली आणि निकाह पंधरा दिवसांवर. चाचांनी खाट मागाशेजारी ओढून घेतली, ठोका ऐकल्याशिवाय झोप येत नाही म्हणून. पण ठोका देणार कोण? मी तर त्या बुट्याची आशाच सोडली होती.

काल भेटायला गेले. गल्लीतच मागाचा ठोका ऐकू आला आणि मी जागच्या जागी उभी राहिले. आतून मुक्ताचा आवाज येत होता. "तीन घे, एक सोड. तीन घे, एक सोड…"

माझे डोळे भरून आले. दारात चपला काढल्या आणि आत गेले. शालीवर बुटा उतरत होता, तोच, जसाच्या तसा. मुक्तानं मान वर केली, मला बघितलं, आणि हात न थांबवता म्हणाली, "नऊ घे, चार सोड."

खाटेवर डोळ्यांना पट्टी बांधून पडलेले चाचा खुदकन हसले.

"बेगम, चाय रखो. मॅडम आ गए."