टोपी उडाली तेव्हा

ताई दचकल्या नाहीत.

घरातले सगळे झोपलेत. मी जेवणाच्या टेबलाशी बसून हे लिहितेय आणि मन पुन्हा पुन्हा तिथेच येऊन अडतंय. आज संध्याकाळी माझ्या लेकीची बॅट ताईंच्या कानाजवळून गेली, त्यांच्या डोक्यावरची टोपी उडाली, मुली खो-खो हसल्या. आणि ताईंची पापणीसुद्धा हलली नाही.

ताई म्हणजे शाळेच्या मैदानावर लहान मुलींना सॉफ्टबॉल शिकवणाऱ्या बाई. पहाटे बेकरीत पॅकिंगचं काम, दुपारी जरा डुलकी, संध्याकाळी मैदान. पुष्कळदा भुवईला पीठ तसंच असतं. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर बॅटांची पिशवी दाखवून म्हणतात, "संसार आहे की! रोज खांद्यावर घेऊन फिरते." भाऊ-वहिनींबरोबर बेकरीच्या मागच्या दोन खोल्यांत राहतात, पिशवी पलंगाखाली. तरुणपणी त्या कॅचर होत्या, बॅट फिरवणारीच्या मागे बसून चेंडू झेलणाऱ्या. त्याची खूण म्हणून उजव्या हाताचं एक बोट कायमचं वाकडं झालंय. दिशा दाखवायला गेल्या की ते बोट भलतीकडेच जातं आणि कार्ट्या मुद्दाम तिकडेच पळतात.

नव्या मुलींना त्या सुरुवातीला चेंडू देतच नाहीत. मुली दोन्ही हातांनी बॅट वरून खाली आपटायला लागल्या की ओरडतात, "धुणं बडवताय का गं?" मग एकेकीच्या दोन्ही हातांत जड पिशव्या देऊन तिला मैदानाच्या फाटकाशी उभं करतात. "हात भरलेत. आता उघड फाटक." मुलगी गोंधळते, मग कंबरेने फाटक लोटते. "हां, हेच! आधी कंबर वळली, हात मागून आले. स्विंग म्हणजे दुसरं काही नाही." माझ्या लेकीने आठवडाभर स्वयंपाकघराचं दार असंच लोटलं. बिजागरी निखळली, पण स्विंग बसला.

त्यानंतर चेंडू. ताई मुलीच्या समोर, थोडं तिरक्या कोपऱ्यात, एक गुडघा टेकून बसतात आणि खालून अलगद चेंडू सोडतात. मुलगी तो जाळीत मारते. अंतर इतकं कमी की मला बघवत नाही. म्हणून ताईंचा कडक नियम: चेंडू मारला की बॅट पायाशी ठेवायची आणि "ठेवली!" असं ओरडायचं. ते ऐकल्याशिवाय कुणी जागचं हलायचं नाही.

आज पलीकडच्या जाळीपाशी दुसरी एक मुलगी "ठेवली!" म्हणून ओरडली आणि ताई उठल्या, माझ्या लेकीचं कोपर सरळ करायला. लेकीने बॅट ठेवली नव्हती. ती आपल्याच नादात आणखी एकदा फिरवत होती.

मी धावत गेले. "ताई, लागलं का?"

"लागलं असतं तर टोपीबरोबर मीही उडाले नसते का? काय हो तुम्ही!"

"तुम्हाला बॅट दिसली नाही?"

"जन्म गेला बॅटीमागे बसून, आणि मला विचारताय," असं म्हणत त्या टोपी शोधायला वाकल्या. टोपी त्यांच्या डाव्या पायाशी पडली होती. त्या उजवीकडे चाचपत होत्या.

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. उजव्या हाताने खेळणारीची बॅट समोर बसलेल्या ताईंच्या डावीकडून येते. एक डावरी मुलगी आहे, तिच्यापुढे ताई आरामात बसतात. बाकीच्यांपुढे मान वळवून, कान देऊन. इतके दिवस मला वाटायचं, शिकवायची पद्धतच असेल.

मागे एकदा हेल्मेट परत द्यायला त्यांच्या घरी गेले होते. ताईंनी चहा ओतला तो अर्धा कपात, अर्धा ट्रेमध्ये. वहिनी हसून म्हणाल्या, "लक्ष कुठे असतं हो यांचं, मैदानात!" मीही हसले. आता आठवतंय, फडका वहिनींच्या हातात आधीपासूनच होता.

जेवताना हे सगळं बोलले तर नवरा म्हणाला, "तुला काळजी करायला नवीन गिऱ्हाईक मिळालं." लेक मात्र ताटातच बघत होती.

"आई, तू शाळेत सांगणार नाहीस ना? ताईंना काढून टाकतील."

"तुला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहितीये. त्यांना त्या बाजूचं दिसत नाही. म्हणून तर आम्ही एवढ्या जोरात ओरडतो." मग हळूच म्हणाली, "आज दुसरीच ओरडली गं."

एवढ्याएवढ्या पोरी एका बाईचं डोकं आपल्या आवाजावर सांभाळताहेत. उद्या एखादी ओरडायची विसरली तर? ती माझीच असली तर? ताईंचं काय होईल हा विचार करवत नाही, आणि त्यानंतर माझी लेक आयुष्यभर कुठल्या डोळ्यांनी स्वतःकडे बघेल, हाही.

शाळेचा नंबर मघापासून फोनवर काढून ठेवलाय. तो लावला तर ताईंच्या संध्याकाळी संपल्या. नाही लावला तर उद्या पुन्हा सराव आहे.

बेकरीत पहाटे फोन ताईच उचलतात. तिथेच करणार आहे. सांगणार आहे, "आजपासून चेंडू मी सोडते, तुम्ही जाळीमागे उभं राहून मुलींना शिकवा आणि मला ओरडा. आणि बेकरीतून सुटलात की आपण दोघी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं." रागावतील. उगीच बाऊ करता म्हणतील. नाहीच ऐकलं तर मग मला शाळेत सांगावं लागेल, हेही त्यांच्या तोंडावर सांगणार आहे.

मला चेंडू साधा झेलता येत नाही. लेकीच्या बॅटीसमोर गुडघा टेकून बसायचं ही नुसती कल्पनाही नको वाटते. मी दचकेन, किंचाळेन, मुली हसतील. हसू देत.

खिडकीबाहेर अजून काळोख आहे. बेकरीचे दिवे लागले की फोन लावते.