आधीचं काही न पाहता

आमच्या वस्तीतल्या विहाराला लागून एक छोटं वाचनालय आहे. रविवारी वंदना झाली की तिथे वर्तमानपत्राचं मोठ्यानं वाचन होतं. आजोबांच्या पिढीत मोजक्यांनाच वाचता यायचं, म्हणून एकानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, अशी पद्धत पडली. आता सगळ्यांना वाचता येतं, सगळ्यांच्या खिशात फोन आहे, तरी पद्धत तशीच आहे. तिचा एक नियम मला लहानपणी फार जाचायचा. वाचून झालं की एकानं उभं राहून तो मजकूर आपल्या शब्दांत सांगायचा. सांगता आला नाही तर लेख परत पहिल्यापासून वाचायचा. कुणी हसत नाही, कुणी रागावत नाही. लेख परत वाचला जातो, एवढंच.

मी एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत सदर लिहिते. नवे चित्रपट, मालिका आणि गेम्स. हो, गेम्ससुद्धा. चाळिशी उलटलेली बाई संध्याकाळी हातात कंट्रोलर घेऊन राक्षस मारते, यावर आमच्या नातेवाइकांत पुष्कळ बोलून झालंय. बाबांनी मात्र चकार शब्द काढला नाही. पोरीचं नाव छापून येतंय ना, मग तिनं राक्षस मारले काय नि झुरळं मारली काय. वाचनालयात माझं सदर तेच वाचतात आणि सांगायलाही तेच उभे राहतात, हे मला ऐकून माहीत होतं. ऐकूनच, कारण रविवारी सकाळी मी अंथरुणात असायची.

गेल्या हिवाळ्यात एका सदरात मी तीन गोष्टी घेतल्या होत्या. एका नव्या गेमबद्दल लिहिलं की आधीचे भाग खेळले नसतील तर याच्या वाटेला जाऊ नका. एका मालिकेबद्दल लिहिलं की तिचा नवा सीझन बघणं म्हणजे दुसऱ्याच्या घरातल्या भांडणात मधूनच जाऊन बसणं. तिसरा होता सुपरहिरोचा चित्रपट. त्या दोन्हींच्या मानानं तो मला अगदी सुटसुटीत वाटला. एकच नायक, एकच शहर, आधीच्या कुठल्या चित्रपटाचा पुढचा भाग नाही, स्वतंत्र. मी सढळ हातानं लिहून टाकलं, ‘आधीचं काहीही न पाहिलेल्यांनीही खुशाल जावं. घरातल्या ज्येष्ठांनाही घेऊन जा.’ शेवटचं वाक्य तर थोडी जागा उरली होती म्हणून लिहिलं होतं.

त्या आठवड्यात बाबांचा फोन आला. वाचनालयातून तिघं जण चित्रपटाला निघाले होते आणि मीही बरोबर यावं असं त्यांचं म्हणणं होतं. तिघं म्हणजे बाबा, वाचनालय सांभाळणाऱ्या बाई आणि पोस्टातून निवृत्त झालेले काका. बाई आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, मलाही त्यांनी शिकवलंय. मी लगेच हो म्हटलं. थोडं मिरवावं असं मलाही वाटत होतं.

शनिवारी दुपारी स्वारगेटला कात्रजची बस पकडून आम्ही सातारा रस्त्यावरच्या मल्टिप्लेक्सला गेलो. बाबांनी लग्नाकार्याचा इस्त्रीचा शर्ट घातला होता. काकांनी मफलर आणला होता, कारण आत थंडी असते हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. बाईंच्या पर्समध्ये माझ्या लेखाचं कात्रण होतं. ते त्यांनी बसमध्ये काढून पुन्हा वाचलं आणि चष्मा पुसत आत ठेवलं.

सुरुवात बरी गेली. आई गेलेला मुलगा, त्याचं शहर, त्याला लाभलेली शक्ती, सगळं तिघांनाही कळत होतं. मग पडद्यावर फक्त एक हात दिसला, अंगठी घातलेला, आणि सगळ्या थेटरानं शिट्ट्या मारल्या. बाईंनी विचारलं, हा कोण, आधी येऊन गेला का? त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचायची सवय असलेला. पुढे कळेल, असं मी म्हणाले. पण म्हणतानाच मी चपापले. पुढे काही कळणार नव्हतं. त्या माणसाची ओळख या चित्रपटात कुणी करूनच देत नाही. मी त्याला दोन जुन्या चित्रपटांत पाहिलं होतं, एका मालिकेत पाहिलं होतं, एका गेममध्ये तर मीच तो होऊन आठवडाभर हिंडले होते. त्याची ओळख करून दिलेली नाही, हे लिहिताना माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

शेवटाकडे त्या अंगठीवाल्यानं तोंडावरचा मुखवटा काढला. सगळं थेटर किंचाळत उठलं. बाबा दचकून अर्धे उभे राहिले आणि मागे वळून बघायला लागले. त्यांना वाटलं, कुठे काही पेटलंबिटलं की काय. मग खाली बसत त्यांनी विचारलं, “काय झालं? कोण आहे तो?”

पुढच्या रांगेतली एक मुलगी वळून म्हणाली, “अंकल, प्लीज.”

तेव्हा मी काय करावं? पुढे वाकले, चांगलं हसले आणि तिला म्हणाले, “सॉरी हं. त्यांना नाही कळत यातलं.”

बाबांच्या कानावर ते गेलं. शेजारीच तर बसले होते. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि चित्रपट संपेपर्यंत काही विचारलं नाही. ज्यांनी मला बोट धरून अक्षर ओळखायला शिकवलं, त्यांची मी एका अनोळखी पोरीकडे माफी मागितली होती. मला त्यांची लाज वाटली होती, आणि आता माझी वाटत होती. पडद्यावर पुढे काय झालं ते मी पाहिलं नाही.

बाहेर चहाच्या टपरीवर बाई म्हणाल्या, चला, आता कुणीतरी सांगा. नियम तो नियम, मग वाचनालय असो नाहीतर फुटपाथ. काकांनी लगेच हात वर केले. त्यांना फक्त गाड्या उडालेल्या कळल्या होत्या. बाई बाबांकडे वळल्या. दर रविवारी तुम्हीच सांगता, आजही सांगा.

बाबांनी चहाचा ग्लास कट्ट्यावर ठेवला आणि सांगायला लागले. मुखवटेवाला हा नायकाचा थोरला भाऊ. आईनं राब राब राबून त्याला शिकवलं. तो मोठ्या शहरात गेला, मोठा झाला आणि घर विसरला. आई गेली तेव्हाही आला नाही. आता धाकट्यावर संकट आल्याचं कळल्यावर आला, पण तोंड दाखवायची लाज वाटते, म्हणून मुखवटा. शेवटी तो काढतो तेव्हा लोक ओरडतात, कारण भाऊ परत आला. बाबांनी हे इतकं शांतपणे सांगितलं की काकांचे डोळे पाणावले. चित्रपटात यातलं काहीही नव्हतं. मुखवटेवाला एका जुन्या चित्रपटातला सैनिक होता, नायकाचा कुणीही लागत नव्हता.

बाईंनी मला विचारलं, “बरोबर का गं?”

“हो,” मी म्हणाले. “अगदी बरोबर.”

परतीच्या बसमध्ये बाबा माझ्या शेजारी बसले. त्यांनी सगळ्यांची तिकिटं काढली. मग म्हणाले की माझ्या त्या गेम्सचं आणि मालिकांचं त्यांना कधीच काही उमगलेलं नाही. दर रविवारी ते मनानं रचून सांगतात. माझा लेख परत वाचायची वेळ आजवर त्यांनी एकदाही येऊ दिलेली नाही.

“मी रचून सांगितलं ते तुझी लाज राखायला,” ते म्हणाले. “तू हो म्हणालीस ते कशाला?”

“तुमची राखायला, बाबा.”

“माझी होय,” ते म्हणाले. “माझी तर तू आत थेटरातच राखलीस.”

आवाज चढला नव्हता. स्वारगेट आल्यावर त्यांनी काकांना हात देऊन उतरवलं आणि पुढे चालायला लागले. मी सगळ्यांच्या मागून चालत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वंदनेला गेले. नंतर वाचनालयात सगळे सतरंजीवर बसले तेव्हा उभी राहून सांगितलं की काल बाबांनी सांगितलेली गोष्ट चित्रपटात नाही, मी खोटंच हो म्हटलं. माझा लेख वाचून कुणाला काही कळणं शक्य नव्हतं, म्हणून बाबांना गोष्ट रचावी लागली. बाबा जमिनीकडे बघत होते. मला वाटलं, मी पुन्हा त्यांना चारचौघांत उघडं पाडलं.

बाई म्हणाल्या, “आम्हाला माहीत आहे. त्यांच्या प्रत्येक गोष्टीत कुणीतरी शिकून मोठं होतं आणि घरी फिरकत नाही. तुझ्या गेममध्येही तेच आणि मालिकेतही तेच. आम्ही ऐकून घेतो.”

म्हणजे इतके रविवार ही सगळी माणसं माझी लाज राखत बसली होती, आणि मी घरी झोपले होते. धरणीनं पोटात घ्यावं असं लोक का म्हणतात ते मला त्या सतरंजीवर कळलं.

मी मागच्या रविवारची पुरवणी मागून घेतली आणि सदर मोठ्यानं वाचलं. ‘आधीचं काहीही न पाहिलेल्यांनीही खुशाल जावं’ हेही सोडलं नाही. वाचून झालं. मग नियमाप्रमाणे सांगायला उभी राहिले. मुलाची आई गेली, त्याला शक्ती लाभली, इथपर्यंत जमलं. पुढे तो मुखवटेवाला आला. लोक का ओरडले, हे या माणसांना सांगायचं तर कुठून सुरुवात करायची?

“मला सांगता येत नाही,” मी म्हणाले.

कुणी हसलं नाही. बाबांनी माझ्या हातातून पुरवणी घेतली, चुरगळलेला कोपरा मांडीवर घासून सरळ केला आणि पुन्हा माझ्याकडे दिली.

“मग परत वाच,” ते म्हणाले. “पहिल्यापासून.”