साडूंची टकटक

सुरळीत चाललेलं यंत्र स्वस्थपणे बघू न शकणारा माझ्या साडूंसारखा माणूस चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत दुसरा जन्मला नसावा. पोंभुर्ण्याच्या शाळेत ते भूगोल शिकवत. घरचा टेपरेकॉर्डर उत्तम चालायचा, म्हणून त्यांनी तो उघडला. आणि तो पुन्हा बंद होईना, म्हणून संगणक आला. त्यावर गावभर असते ती विंडोज त्यांना चालणार नव्हती. लिनक्सच हवी. का, तर "हे आतून उघडून पाहाता येते ना भाऊ!" एखाद्या गोष्टीबद्दल त्यांच्या तोंडून याहून मोठी स्तुती मी ऐकली नाही.

आमच्या सासूबाईंना लग्नातली आणि भाताच्या रोवणीची गाणी अमाप पाठ होती. ती संगणकावर उतरवून ठेवायची, असं साडूंनी ठरवलं. हेतू थोरच होता. त्यांनी हळदीच्या गाण्यापासून सुरुवात केली, आणि पहिल्याच ओळीत 'टक्' असा आवाज उमटला. त्या क्षणापासून सासूबाई गात राहिल्या आणि साडू टक् ऐकत राहिले. आधी संशय पंख्यावर गेला. मग फ्रिज बंद झाला, दूध नासलं. टक् मात्र ताजी होती. शेजाऱ्याच्या बोअरच्या मोटरीवर आळ घेऊन झाला, त्यामुळे शेजारी बोलेनासा झाला. शेवटी एसटीने चंद्रपूरला जाऊन त्यांनी इंटरनेटवर जगाला साकडं घातलं. कुणा परदेशी सज्जनाने कळवलं, बफर वाढवा. म्हणजे आवाज पुढे पाठवण्याआधी संगणकाला तो साठवायला जास्त जागा द्या. दिली. टक् कमी झाली, पण सासूबाईंच्या हेडफोनमध्ये त्यांचाच आवाज उशिरा पोचू लागला. त्या गाता गाता थांबल्या. "जवाई, माह्या मांगून हे कोन बाई गाऊन राह्यली?"

बफर पुन्हा लहान झाला, टक् परत आली, आणि हळदीचं गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. असं ते उन्हाळाभर चाललं. "नवरीले लेकरं झाले असतीन आतापावतो," सासूबाई म्हणाल्या, "तुमची हळद काऊन सरून नाई राह्यली?" साडू पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, "टक् जाऊ द्या बाई, मंग सारेच गाणे घेऊ."

पावसाळ्यात सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, वाचा गेली.

बऱ्याच दिवसांनी साडूंचा फोन आला. "भाऊ, सापडली." संगणक आतून कसा चालतो ते बघत राहायला त्यांनी पहिल्या दिवसापासून एक छोटा प्रोग्राम सतत चालू ठेवला होता. तोच मधूनमधून संगणकाला अडवत होता. तो बंद केला, आवाज पाण्यासारखा स्वच्छ झाला. "मीच करून राह्यलो होतो," ते म्हणाले. एरवी मी काहीतरी खोचक बोललो असतो.

दिवाळीला पोंभुर्ण्याला गेलो, तेव्हा त्यांनी सासूबाईंना खुर्चीत बसवून हेडफोनवर ते हळदीचं अर्धवट गाणं लावलं होतं. त्यातली टक् काढून टाकणारं साधनही त्यांनी वापरून पाहिलं होतं. पण टक्बरोबर सासूबाईंच्या शब्दांतले ट आणि ठही पुसले जात, म्हणून ती साफ केलेली प्रत त्यांनी टाकून दिली. सासूबाईंचे ओठ हलत होते. जरा वेळाने त्यांनी बऱ्या हाताने हेडफोन काढून साडूंच्या पुढ्यात धरला. साडूंनी तो कानाला लावला, डोळे मिटले, आणि टक् नव्हे, प्रथमच गाणं ऐकलं.

"बाई," त्यांनी हळूच विचारलं, "हे नवरी कोन्या गावची हो?"

सासूबाईंचे ओठ पुन्हा हलू लागले.