एकही माणूस नाही

न्यू जर्सीतल्या आयसेलिनच्या दिगंबर सोहोनींकडे भारतातून कुणी पाहुणा आला, की त्याला स्वातंत्र्यदेवीच्या आधी एक शेत बघावं लागे. खरं नव्हे, न्यूयॉर्कच्या म्युझियममधलं, तेलरंगातलं. गव्हाचं शेत, कडेला चार झाडं, वर भरून आलेलं आभाळ. कुणा इम्प्रेशनिस्ट चित्रकाराचं काम. पाहुणे त्यापुढे सेल्फी काढत आणि टाइम्स स्क्वेअर किती लांब आहे ते विचारत. परतताना सोहोनी गाडी चालवता चालवता धुमसत राहत.

हे चित्र त्यांच्या बायकोचं, रेणूचं, लाडकं. ती समोरच्या बाकावर तासन् तास बसे आणि सोहोनी शेजारी उभं राहून तिला माहिती सांगत. एवढं काय दिसतं तुला यात, असं विचारलं की ती नुसतीच हसे. दोन वर्षांपूर्वी ती गेली आणि तो प्रश्न सोहोनींच्या मानगुटीवर बसला. जन्मभर पुलांचे आराखडे तपासलेल्या या इंजिनिअरने चित्रकार, रंग, प्रकाश सगळं घोटून पाठ केलं, तरी शेत ते शेतच राहिलं. निदान एखाद्या पाहुण्याला तरी ते दिसावं आणि त्याने सांगावं, एवढीच त्यांची आस होती. पण मेल्या पाहुण्यांना मॉलची घाई.

यंदा नागपूरहून रेणूची थोरली बहीण आली. मंजुषाताईंचे गुडघे बोलायला लागले होते, त्यामुळे चित्राकडे न बघताच त्यांनी बाकावर बसकण मारली. सोहोनींनी मनातल्या मनात कपाळाला हात लावला आणि सुरुवात केली.

"ताई, हे ब्रशस्ट्रोक बघा. स्टुडिओत नाही, डायरेक्ट शेतात उभं राहून पेंट केलंय. आणि मेन पॉइंट म्हणजे चित्रात एकही माणूस नाही. टोटल शांतता. आता हे ढग—"

"दिगंबरराव," ताई म्हणाल्या, "जरा गप्प बसता का?"

सोहोनींचा पारा चढला. ज्याचं करावं भलं, असं मनाशी म्हणत ते बाकाच्या दुसऱ्या टोकाला धप्पकन बसले. बोलायचं नाही, तर करायचं तरी काय? नाइलाजाने ते समोर बघत राहिले. ढग पाहून झाले, गहू पाहून झाला. मग डावीकडच्या झाडाखाली निळ्या रंगाचे दोन फटकारे दिसले. तिथे दगड आहे असं ते इतकी वर्षं धरून चालले होते. दगड कसला, वाकलेल्या बाईची पाठ होती ती. डोक्याला फडकंसुद्धा होतं.

"ताई, तिथे कुणीतरी आहे."

"आहे ना. मघापासून काम करतेय बिचारी. तुम्ही नाही म्हणालात, म्हटलं कशाला वाद घाला."

रेणूलाही त्यांनी दर वेळी हेच ठणकावून सांगितलं होतं. तिनेही कधी वाद घातला नव्हता. सोहोनींना स्वतःचा विलक्षण राग आला.

थोड्या वेळाने ताई गुडघे चोळत म्हणाल्या, "चला, आता तुमचं ते टाइम्स स्क्वेअर दाखवा."

"बसा हो जरा," सोहोनी वैतागून म्हणाले.